मदत हवी आहे : ‘व्हॅनिटी फेअर’मधील चित्रांचे टीईआय अंकन

इंग्रज लेखक थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ ही कादंबरी जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ या काळात मासिक भागांतून, त्याने स्वतः काढलेल्या चित्रांसह प्रसिद्ध झाली. तिच्या डिजिटल चिकित्सक आवृत्तीसाठी टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे मजकुराची रचना संगणकाला कळेल अशा खुणांनी नोंदवण्याची प्रमाण पद्धत) वापरून अंकन करताना पानभर चित्रांचे स्थान ठरवणे अवघड जात आहे. कारण मासिक भागात ती मजकुराआधी असत आणि ग्रंथरूपात संबंधित प्रसंगासमोर आली. क्लायटेम्नेस्ट्राच्या (ग्रीक पुराणकथेतील पतीचा खून करणाऱ्या राणीच्या) रूपातील नायिका बेकीचे चित्र तर तिने खून केला असावा, हा मजकूर उघडपणे न सांगणारा संशय सुचवते, त्यामुळे ते आधी दिसते की नंतर, याला महत्त्व आहे. दोन्ही स्थाने एकाच फाइलमध्ये कशी नोंदवावीत? शिवाय प्रकरणारंभीची चित्राक्षरे (चित्रात गुंफलेली पहिली अक्षरे) अक्षर मानावीत, चित्र मानावे की दोन्ही? असे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.