चिऱ्याच्या घरात राउटर कुठला घ्यावा, कुठे ठेवावा?

माजघर (प्रश्न)
नमस्कार. घर कुडाळजवळ, जुनं, कौलारू. भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाड. फायबरचा पांढरा डबा आणि राउटर दोन्ही ओटीवर. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करते, पण बसते मागच्या पडवीत, कारण पुढे माणसांची ये-जा असते. नुकताच प्लॅन ४० वरून २०० एमबीपीएसचा केला. ओटीवर लॅपटॉप वायरने जोडला तर ९४ दिसतात. मागे वायफायवर ५-६, आणि मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. राउटर जुना, खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं. दुकानदार म्हणतो सहा अँटेनांचा घ्या, घरभर रेंज येईल. पैसे घालायची तयारी आहे, पण नेमकं काय घेऊ? पावसात लाइट सारखी जाते, तेही लक्षात घ्या.

पक्कड
९४ म्हणजे राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं. थोडा भाग डेटाच्या वेष्टनातच जातो, त्यामुळे यापुढे आकडा सरकणारच नाही. खोक्यावरचे ३०० हे वायफायचे, तेही कागदावरचे. नव्या राउटरची वॅन (जिथून नेट आत येतं) आणि लॅन (जिथून घरातल्या यंत्रांना जातं) दोन्ही पोर्टं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची आहेत ना, वाचून घ्या. डब्यातून राउटरला जाणारी वायरही तपासा. आठही तारा नीट जोडलेल्या नसतील तर नवा राउटरसुद्धा १०० वरच अडकेल.

तारवाला
ताई, मी याच पट्ट्यात वायरिंगची कामं करतो. पक्कड म्हणतात ते बरोबर, पण आवाज तुटतो तो पोर्टमुळे नाही. मीटिंगला ३-४ एमबीपीएस पुरतात. अडचण भिंतीची आहे, आणि पावसात चिरा पाणी धरतो तेव्हा ती आणखी वाढते. अँटेना कितीही असोत, राउटरची ताकद सरकारी नियमाच्या मर्यादेतच असते. शिवाय तुमच्या लॅपटॉपलाही उलट बोलायचं असतं, आणि त्याची ताकद राउटरपेक्षा कमीच. म्हणून लोकांचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्यांना नीट जात नाही. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे. नव्या राउटरचा खरा वेग ५ वर मिळतो आणि तो पट्टा जाड भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हरतो. सहा अँटेनांवर पैसे घालू नका, मनापासून सांगतो.

मागच्या पडवीपर्यंत तार ओढा. कॅट-६, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. १०० मीटरपर्यंत वेग घटत नाही. कौलारू घरात चिरा फोडावा लागत नाही बहुतेक वेळा. भिंत संपून वासे टेकतात तिथे फट असते, तिथून माळ्यावरून तार नेता येते. मात्र पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत. घराबाहेरून, माडाला बांधून वगैरे अजिबात नको. जवळपास वीज पडली तर दोन्ही टोकांची यंत्रं जातात.

ओटीवर साधा ड्युअल बँड (दोन्ही पट्ट्यांचा), वायफाय ६ (वायफायची सहावी पिढी) वाला, गिगाबिट पोर्टांचा राउटर पुरे. जुना टाकू नका, तो मागे अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे तारेने आलेलं नेट तो तिथे वायफायवर वाटेल. नवा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर असेल तर जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम, ते एकट्या नव्याने करावं) बंद करा, आणि वॅन पोर्ट रिकामं ठेवून माळ्यावरची तार लॅन पोर्टात खुपसा. शेजारच्या पोर्टातून लॅपटॉपला वायर द्या, मीटिंगसाठी वायफायची गरजच नको. नाव-पासवर्ड दोन्हीकडे तेच, चॅनेल मात्र वेगळे, २.४ वर एकाला १, दुसऱ्याला ११.

जुना रिसेट करण्याआधी त्यातलं पीपीपीओई (नेटवाल्यांकडे लॉगिन करायची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (कनेक्शनच्या सेटिंगमधला आकडा) असला तर तोही लिहून घ्या. सगळं बरोबर भरूनही नवा जोडला गेला नाही, तर कनेक्शन जुन्याच्या ओळख क्रमांकाला, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं असू शकतं. नेटवाल्यांना फोन करून सोडवून घ्या.

लाइटसाठी मिनी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा छोटा डबा. डबा आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत, नाहीतर उपयोग शून्य. अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट की ९, किती अँपिअर, ते वाचूनच घ्या. मागच्या राउटरलाही एक लागेल.

घाटमाथा
एवढी खटपट कशाला? मेश घ्या, म्हणजे एकमेकांशी वायफायने बोलणारे डबे. आमच्या फ्लॅटमध्ये दोन डबे ठेवले, काम झालं.

तारवाला
फ्लॅटच्या विटांच्या भिंतींत होतं, दादा. इथे त्या दोन डब्यांनाही एकमेकांशी याच चिऱ्यातून बोलावं लागणार. मेश घेतला तरी डबे तारेनेच जोडावे लागतील.

माजघर
माळ्यावरून तार आली, भिंत कुठेच फोडावी लागली नाही. जुन्या राउटरच्या पोर्टातून लॅपटॉप वायरवर ९४, मागे मोबाइलवर ४० च्या आसपास, आणि आवाज तुटणं थांबलं. खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. सासऱ्यांचा मोबाइल मागे आला तरी ओटीचंच वायफाय धरून बसतो. आणि ओटीवरचा जुना प्रिंटर नव्या राउटरला जोडलाच जात नाही.

तारवाला
कुठलं धरायचं ते मोबाइल ठरवतो. ओटीवरच्या राउटरची २.४ ची पॉवर 'मीडियम' करा, मग तो लवकर सोडेल. प्रिंटरचं बहुधा सुरक्षेमुळे. नव्यावर नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) असेल तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असं मिश्र ठेवा, आणि प्रिंटर २.४ वर जोडा. तिथे आहातच तर डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडायची सोय) बंद करा आणि दोन्ही राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.