मदत हवी आहे: बाबांच्या फोनसाठी फुकटातलं कुठलं सिक्युरिटी ॲप भरवशाचं? (तातडीने)

सुरंगी (शनिवार, सकाळी ९:४०)
बाबांच्या फोनला व्हायरस लागलाय. फुकटातलं चांगलं अँटीव्हायरस कुठलं, फक्त नाव सांगा. तीन टाकून बघितली, एकाचाही उपयोग नाही. विकतचं घेणार नाही, आधीच सांगते. उद्या सकाळच्या गाडीने मला रत्नागिरीला परत जायचंय आणि एक तारखेला मासेमारीची पावसाळी बंदी उठली की बाबा होडी काढणार. त्याआधी फोन नीट व्हायला हवा.

मचवा (९:५२)
फोन कुठला? अँड्रॉइड कितवं? तीन टाकली म्हणजे कुठली तीन? आणि व्हायरस लागलाय हे कशावरून ठरवलं? कोणी सांगितलं की स्क्रीनवर आलं?

सुरंगी (९:५८)
साधा अँड्रॉइड आहे, जुना. सारख्या जाहिराती येतात, फोन तापतो, दुपारी दोनला बॅटरी संपते. बघणाऱ्याला कळतं की काहीतरी लागलंय. नाव सांगा ना कोणीतरी.

कातळसडा (१०:०५)
चेडवा, ती सगळी काढून टाक आणि एम-कवच घाल. हैदराबादच्या सीडॅकवाल्यांनी, म्हणजे सरकारी संगणक संस्थेन केलेला असा. सरकारचा, फुकट, जाहिराती नाय. सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर त्येची माहिती गावता. माझ्या फोनात दोन वर्सां असा, एक दिवस त्रास नाय.

चाकरमानी_डोंबिवली (१०:११)
फुकट ते पौष्टिक हे जेवणावळीत ठीक आहे, फोनमध्ये नाही. ॲप बनवणाऱ्याला पगार द्यावे लागतात, मग तो पैसे कुठून काढतो? तुमच्याच माहितीतून. अवास्टचं प्रकरण आठवा. फुकट अँटीव्हायरस देणारी एवढी मोठी कंपनी, आणि लोक कुठल्या साईटवर जातात त्याची नोंद तिच्या जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. वर्षाचे काही शे रुपये टाका आणि पुण्याच्या क्विक हीलसारखं आपल्या माणसांचं घ्या.

मचवा (१०:२४)
चाकरमानी, अर्धंच सांगताय. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज नावाची संस्था अशी ॲप्स तपासते. २०१९ मध्ये त्यांनी प्ले स्टोअरवरची २५० अँटीव्हायरस ॲप्स घेतली आणि त्यांच्यासमोर २००० घातक ॲप्स ठेवली. सगळीच्या सगळी पकडणारी फक्त २३ निघाली. ३० टक्क्यांपेक्षा जास्त पकडणारी ८०. बाकीच्यांनी जवळजवळ काहीच केलं नाही. काही ॲप्स तर आत काय आहे ते न बघता नावांच्या ठरलेल्या यादीवरून बरं-वाईट ठरवत होती. यादीत स्वतःचं नाव घालायचं राहिलं म्हणून काहींनी स्वतःलाच व्हायरस ठरवलं.

पण त्या २३ मध्ये अवास्टही होतं. म्हणजे पकडायला पैकीच्या पैकी, आणि तरी माहिती विकली. पकडतं का हा एक प्रश्न, भरवसा ठेवायचा का हा दुसरा. आणि पैसे मोजले की दोन्ही मिळतं असंही नाही. २०१४ मध्ये प्ले स्टोअरवर व्हायरस शील्ड म्हणून एक विकतचं ॲप होतं. दाबलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण यायची, बस्स. दहा हजारांवर लोकांनी ते विकत घेतलं होतं. गूगलला पैसे परत करावे लागले.

कलमवाला_देवगड (१०:३१)
ताई, फोन तापतो म्हणजे मेमरी भरली असणार. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, मग स्टोरेज आणि डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथे सगळे सुप्रभातचे व्हिडिओ सापडतील. आमच्या अण्णांच्या फोनात ११ जीबी निघाले होते. डिलीट केल्यावर फोन नव्यासारखा.

सुरंगी (१०:३५)
मेमरी रिकामी आहे हो. बाबा फोटोसुद्धा काढत नाहीत.

सोल्डरिंग (१०:४८)
माझं सावंतवाडीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. असे फोन रोज येतात. नाव सांगण्याआधी चार गोष्टी हव्यात, त्याशिवाय कोणाचंही उत्तर अंदाजाचंच.
त्रास सुरू होऊन किती दिवस झाले, आणि त्या सुमारास फोनात नवीन काय आलं?
प्ले स्टोअर सोडून बाहेरून, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली फाईल किंवा लिंक दाबून काही घातलंय का? वडिलांना नीट विचारा. ओरडू नका, ओरडलं की माणसं सांगत नाहीत.
जाहिरात एखादं ॲप उघडल्यावर येते, की काही न उघडताही?
प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यात आपला फोटो असतो, तो दाबून प्ले प्रोटेक्ट बघा, म्हणजे ॲप्स तपासायची गूगलची फोनातलीच सोय. चालू आहे की बंद?

सफरचंदवाला (१०:५५)
या सगळ्यावर एकच उपाय, आयफोन. तिथे एका ॲपला दुसऱ्यात डोकावताच येत नाही, त्यामुळे अँटीव्हायरसची गरजच नाही. जुना घेतलात तरी चालेल.

कातळसडा (१०:५८)
होडयेर आयफोन? खाऱ्या पाण्यात? चेडवान काय विचारल्यान आणि तुमी काय सांगतास!

सुरंगी (११:२०)
सोल्डरिंग दादा, बाबांना विचारलं. प्ले प्रोटेक्ट बंद होतं. अँड्रॉइड ११ आहे. जाहिराती काही न उघडताच येतात.

आणि आता कळलं ते लिहिते. साधारण बारा दिवसांपूर्वी मच्छीमारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल आली होती, 'अनुदान यादी' नावाची. बाबांना वाटलं, यादीत आपलं नाव असेल. उघडल्यावर "सुरक्षा बंद करा, मगच यादी दिसेल" असं आलं, म्हणून बाबांनी बंद केली. नंतर नाव, आधार, जन्मतारीख विचारली, तीही भरली. यादी काही दिसली नाही. मग ते ॲपच गायब झालं, म्हणून त्यांना वाटलं की गेलं.

तीन अँटीव्हायरस मी काल घातली. तिन्ही हिरवी खूण दाखवतात, 'फोन सुरक्षित' म्हणून. म्हणून तर विचारतेय की यातलं खरं कुठलं.

सोल्डरिंग (११:२४)
थांबा. आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद. आत्ता. मग पुढचं वाचा.

ते ॲप गेलेलं नाही, त्याने फक्त आपलं चिन्ह लपवलंय. अशी ॲप्स मुख्यतः मेसेज वाचायला येतात. बँकेचा ओटीपी आला की तो पुढे पाठवून देतात. जाहिराती दिसतायत म्हणून तुम्हाला कळलं तरी. जाहिराती नसत्या तर कळलंही नसतं.

सिम काढा आणि घरात बटणांचा फोन असेल तर त्यात घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तिकडे येतील. बाबांचं खातं त्याच नंबरावर आहे का? यूपीआय आहे का?

सुरंगी (११:३१)
आहे. माशांचे पैसे त्यावरच येतात. सिम आईच्या फोनात घातलं. माझे हात थरथरतायत.

तिसरी_खिडकी (११:४०)
मी बँकेत काम करते. घाबरू नका, पण हे आजच्या आज करा. पासबुकवरचा किंवा कार्डामागचा बँकेचा नंबर बघून तिथे फोन करा. गूगलवर शोधलेला नंबर नको. फोन या दुसऱ्या फोनवरूनच करा. यूपीआय आणि नेटबँकिंग तात्पुरतं बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मागच्या बारा दिवसांचे व्यवहार एकेक करून वाचून घ्या. एक रुपया जरी अनोळखी ठिकाणी गेलेला दिसला, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. वेळ जितका कमी गेला असेल, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, जुलै २०१७ च्या परिपत्रकापासूनचा. आपण कळवल्यानंतर जे नुकसान होईल, ते बँकेने सोसायचं आहे. म्हणून 'बघू सोमवारी' असं करू नका. माझ्या खिडकीवर अशी माणसं चार दिवसांनी येतात आणि मला फार वाईट वाटतं.

चाकरमानी_डोंबिवली (११:४४)
सरळ फॅक्टरी रीसेट मारा. दहा मिनिटांचं काम.

कातळसडा (११:४९)
रीसेट मारून त्येंचे नंबर खंय जातले? लिलाववाल्यांचे, डिझेलवाल्यांचे, बर्फवाल्यांचे? आमच्या पिढीचा सगळा फोनातच असा, वहीत कोण लिवून ठेवता? आधी एम-कवच घालून बघूक काय हरकत असा?

मचवा (११:५५)
कातळसडा काका, एम-कवच चांगलं असेल, पण जे आधीच आत बसलंय आणि ज्याला सगळ्या परवानग्या मिळाल्यात, त्याला वरून दुसरं ॲप घालून हटवता येईलच असं नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत असतं. अँटीव्हायरससुद्धा त्यातलंच एक, त्याला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. आधी हाताने काढावं लागेल.

सोल्डरिंग (१२:०२)
मचवा बरोबर बोलतायत. सुरंगी, असं करा.

फोन सेफ मोडमध्ये चालू करा. पॉवरचं बटण दाबून धरलं की 'पॉवर ऑफ' येतं, त्यावर बोट ठेवून राहा, सेफ मोडचं विचारेल. काही फोनांत तसं येत नाही, तिथे फोन चालू होत असताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरावं लागतं. सेफ मोडमध्ये बाहेरून घातलेली ॲप्स चालत नाहीत.

मग सेटिंगमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा. चिन्ह कोरं किंवा नाव विचित्र असलेलं शोधा. 'सिस्टम सर्व्हिस', 'अपडेट' असलीही नावं घेतात. काढायचं बटण फिकं असेल, दाबलं जात नसेल, तर सेटिंगच्या शोधात 'डिव्हाइस ॲडमिन' लिहा आणि तिथली त्याची टिकमार्क काढा. मग निघेल. त्यानंतर ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस आणि 'इतर ॲप्सच्या वर दिसणे' या तीन ठिकाणी कोणाकोणाला परवानगी आहे ते बघून मला लिहा.

तुमची तिन्ही अँटीव्हायरसही काढा. तीन-तीन ॲप्स दिवसभर स्कॅन करत बसली तर बॅटरी दुपारी संपणारच.

कलमवाला_देवगड (१२:१०)
आमच्याकडे सकाळपासून रेंज नाही, सड्यावर येऊन हे लिहितोय. पावसात टॉवरची वीज गेली की संपलं. बाकीच्यांकडेही असंच आहे का?

मचवा (१२:१३)
मिठबावला कालपासून तेच. पण वेगळा धागा काढा ना, इथे पोरगी अडचणीत आहे.

सुरंगी (१:३५)
सापडलं! नाव नुसतं 'सर्व्हिस', चिन्ह पांढरं. काढायचं बटण फिकंच होतं. डिव्हाइस ॲडमिनमधून टिकमार्क काढली, मग गेलं. ॲक्सेसिबिलिटीमध्ये आणखी एक होतं, 'फोन क्लीनर'. ते बाबांनी "तुमच्या फोनात १३ व्हायरस आहेत" अशी पाटी आल्यावर दाबलं होतं म्हणे. तेही काढलं. फोन परत नेहमीसारखा चालू केला, पाऊण तास झाला, एकही जाहिरात नाही. प्ले प्रोटेक्ट चालू करून स्कॅन केलं.

बँकेला फोन लागला, यूपीआय बंद केलं. व्यवहार सगळे ओळखीचे निघाले. तिसरी_खिडकी ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. बाबा सकाळपासून जेवले नव्हते, आता बसलेत.

चूक त्यांची नाही हे मला लिहायचंय. यादी ग्रुपवर आली, ग्रुपमधली सगळी ओळखीची माणसं, आणि अनुदानाची वाट बघणाऱ्याने यादी उघडायची नाही तर काय करायचं?

आता तरी सांगा, फुकटातलं कुठलं ठेवू? काहीच ठेवलं नाही तर मला रत्नागिरीत झोप लागणार नाही.

सोल्डरिंग (२:०५)
मनापासून सांगतो. तुमच्या बाबांच्या फोनात प्ले प्रोटेक्ट चालू असतं, तर ती फाईल बसायच्या आधी बहुतेक अडली असती. बाहेरून येणारं अनोळखी ॲप बसतानाच तपासायची सोय गूगलने २०२३ मध्ये आणली आणि ती सगळ्यात आधी भारतात दिली. म्हणून तर ही चोरटी ॲप्स आधी ते बंद करायला सांगतात. तेही फुकटच आहे, आणि आधीपासून फोनात आहे.

त्यावर आणखी एक ठेवायचंच असेल तर एकच ठेवा, नावाजलेल्या कंपनीचं किंवा काकांचं एम-कवच. घालताना बघा, ते काय मागतंय. फाईली तपासायला परवानगी मागितली तर समजू शकतो. संपर्क, मायक्रोफोन, ठावठिकाणा कशाला हवा? 'बॅटरी वाढवतो, फोन थंड करतो, १३ व्हायरस काढतो' म्हणणारं काहीही नको. २०२० मध्ये सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, व्हायरस क्लीनर अशी सफाईवाली कितीतरी होती. आणि २०२२ मध्ये तर प्ले स्टोअरवरच अँटीव्हायरसच्या नावाने सहा ॲप्स सापडली, आत शार्कबॉट होता, बँकेचे पासवर्ड चोरणारा.

त्यापेक्षा महत्त्वाचं, सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप्स बसवणे' आहे, तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल मॅनेजर तिन्हींची परवानगी बंद करा. मग पुढची यादी आली, बाबांनी दाबली, तरी सहजासहजी बसणार नाही.

अजून एक. अँड्रॉइड ११ ला २०२४ च्या सुरुवातीपासून गूगलकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. हंगामाचे पैसे आले की फोन बदला. तोवर वाऱ्या-पावसाचा अंदाज आणि इन्कॉईसची, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेची, माहिती याच फोनवर बघा, पण यूपीआय त्यावर परत चालू करू नका. आधार दिलाय, तर त्याचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'ही बघा, तिथे अनोळखी काही असेल तर काढा.

चाकरमानी_डोंबिवली (२:१४)
मी अजूनही विकतच्याच बाजूने आहे. पण अनोळखी ॲप्सची परवानगी बंद करायचं मला माहीत नव्हतं. आत्ता माझ्या आईच्या फोनात केलं.

दर्यासारंग_७ (४:५०)
धागा आत्ता बघितला. दोन-तीन वेगवेगळी अँटीव्हायरस एकत्र टाका, एकाला नाही सापडलं तर दुसऱ्याला सापडतं. मी तसंच करतो.

मचवा (४:५३)
दर्यासारंग, वरचं सगळं वाचा.

सुरंगी (६:२०)
सोल्डरिंग दादांनी सांगितलेलं सगळं केलं. लिंक्ड डिव्हाइसमध्ये काही नव्हतं. आधार लॉक केलं, ओटीपी आईच्या फोनवर आला.

ग्रुपवर बाबांच्या आवाजात मालवणीत निरोप टाकला, "ती यादी खरी नाय, कोणी उघडलास तर माका सांगा." लिहिलेलं कोणी वाचत नाही, म्हणून आवाज. अर्ध्या तासात अकरा जणांचे फोन आले. त्यातले चार उद्या पहाटे आमच्या घरी येणार आहेत, फोन घेऊन. म्हणून सकाळची गाडी सोडली, दुपारच्या एसटीने जाईन.

सोल्डरिंग दादा, एकाच्या फोनात 'पॉवर ऑफ' दाबून धरलं तरी सेफ मोड येत नाही आणि आवाजाच्या बटणानेही होत नाही. त्याला काय करायचं?

सोल्डरिंग (६:३१)
फोनचं मॉडेल लिहा. आणि त्याला आत्ताच सिम काढून ठेवायला सांगा, पहाटेपर्यंत थांबू नका.