जाऊबाईंची स्तनाच्या कॅन्सरची गाठ ‘ट्रिपल निगेटिव्ह’ निघाली. अमेरिकेतला अभ्यास आपल्याला लागू होतो का?

खव्याचीकढई (भूम, जि. धाराशिव)
थोरल्या जाऊबाई ४४ वर्षांच्या. दिवाळीत आंघोळ करताना काखेजवळ बोराएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून बोलल्या नाहीत. त्यात लग्नसराई, भट्टीवर खव्याच्या कढया उतरतच नव्हत्या. संक्रांतीला वाण लुटताना कानात म्हणाल्या, “बघ गं, आवळ्याएवढी झालीय.”

गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत (आयएचसी) ईआर, पीआर हे हार्मोनचे आणि हर-टू हे प्रोटीनचं, तिन्ही निगेटिव्ह. केआय-६७, म्हणजे पेशी वाढण्याचा वेग, सत्तर टक्के.

पुतण्या अटलांटात शिकतो. त्यानं पाठवलं, की तिकडं गोऱ्या बायकांपेक्षा काळ्या बायकांना स्तनाचा कॅन्सर थोडा कमीच होतो, पण त्यानं मरण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्के जास्त. गाठीतले २१ जीन्स बघून आजार उलटण्याचा धोका सांगणारी टेस्ट असते, तिच्यात स्कोअर सारखा आला तरी त्यांचा आजार जास्त उलटतो म्हणे. “काकू, आपल्या बायकांचंही तसंच असणार.” सासूबाई ऐकत होत्या. “म्हंजे आपल्या रक्तातच खोट?” तेव्हापासून घरात तेच चाललंय. ती टेस्ट करावी का? खर्च लाखांत आहे, दोन म्हशी विकाव्या लागतील. जाऊबाईंना दोन पोरी आहेत, २१ आणि १७ वर्षांच्या.

स्लाइडवाला (संभाजीनगर)
ताई, म्हशी विकू नका. ती टेस्ट हार्मोन पॉझिटिव्ह गाठीसाठी असते, ट्रिपल निगेटिव्हला तिचा उपयोग नाही. पुतण्या स्कोअरचं सांगतोय तो टेलरएक्स अभ्यास. १०,२७३ बायका, निकाल २०१८ चे, सगळ्या हार्मोन पॉझिटिव्ह. तुमच्या जाऊबाई त्यात बसतच नाहीत.

त्यातली गोष्ट मात्र खरी आहे. काळ्या आणि गोऱ्या बायकांचे स्कोअर साधारण सारखेच होते, तरी काळ्या बायकांचे निकाल वाईट आले. सगळा दोष उशिराचा आणि पैशाचा म्हणावा, तर इथं उपचार अभ्यासातल्या नियमानंच ठरत होते. म्हणजे त्या स्कोअरला दिसत नाही असं काहीतरी उरतं.

पण ‘काळी’ हा फॉर्मवरचा रकाना झाला. घानात तपासलेल्या गाठींत निम्म्याहून जास्त ट्रिपल निगेटिव्ह निघाल्या, इथिओपियात त्याहून कितीतरी कमी. दोन्ही देश आफ्रिकेतच. पश्चिम आफ्रिकेत मलेरियामुळे टिकून राहिलेला डफी नावाच्या जीनचा एक प्रकार आहे, त्याचा या गाठीशी संबंध दिसतो. आपला तो वारसा नाही. तरी भारतात दहातल्या सुमारे तीन गाठी ट्रिपल निगेटिव्ह असतात, आणि आपल्या बायकांना स्तनाचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. त्यात आपल्याकडं तरुण लोकसंख्याच जास्त, हेही धरा.

ही गाठ उलटली तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत. पाच वर्षं निभावली की धोका बराच उतरतो. हार्मोन पॉझिटिव्हवाली वीस वर्षांनीही डोकं वर काढते.

गोदाकाठी४२
सगळं युरियाचं पाप. पूर्वी होतं का असलं काही?

स्लाइडवाला
होतं. भूम-परंड्याची गावं बार्शीच्या कॅन्सर रजिस्ट्रीत १९८७ पासून नोंदली जातायत. काढून बघा.

मांजराकाठची (लातूर)
मला २०१९ ला हेच. पहिल्या डॉक्टरांनी ‘दुधाची गाठ’ म्हणून पाच महिने गोळ्या दिल्या. जाऊ द्या.

आमच्याकडं आधी केमो दिली, मग ऑपरेशन. डॉक्टरांना कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचं विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ७२० ट्रिपल निगेटिव्ह बायकांवर अभ्यास केला, पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोसोबत दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन. पन्नाशीपर्यंतच्या बायकांना चांगला फायदा दिसला. अटलांटाचं कशाला, हा आपल्याच बायकांवरचा आहे.

पैसे खर्चायचेच तर बीआरसीए टेस्टवर खर्चा, घराण्यातून येणारा जीनचा दोष त्यात कळतो. दोष निघाला तर प्रत्येक पोरीला तो असण्याची शक्यता निम्मी. आणि सासूबाईंना सांगा, सुनेचं रक्त माहेरचं असतं! त्यांच्या रक्ताला कुणी नाव ठेवत नाही.

खव्याचीकढई
हे वाचून दाखवलं तर जाऊबाई किती दिवसांनी हसल्या. मग माहेरी फोन लावला. त्यांच्या आई म्हणाल्या, धाकटी मावशी अडतिसाव्या वर्षी गेली, छातीला गळू झालं होतं म्हणायचे. जाऊबाईंना हे आज पहिल्यांदाच कळलं. सोमवारी डॉक्टरांना भेटायचंय. मावशीचं वय कागदावर लिहून घेतलंय.