‘आनंद करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न (शरणपूर रोड, नाशिक)

बुधवारी दुपारी आमच्या स्त्रीमंडळाचा बायबल-अभ्यास असतो. या वेळी फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय होता. “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा” हे वाचून होतंय तोच सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बाई, आनंद होतो. आनंद वाटतो. तो करायचा कसा?”

मी शाळेत मराठी शिकवते, पण मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार करत बसले. ‘मला आनंद झाला’ म्हणताना मी कर्ता नसते. आनंद येतो, मी नुसती दारात उभी. आनंद घेतो, लुटतो, मानतो, हेही सगळं रोजचं. ‘आनंद करा’ मात्र देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, फारसं कानावर पडत नाही.

तोच घोळ ‘समाधान’ शब्दाचा. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात “चित्तसमाधानासह भक्ती हा तर मोठाच लाभ आहे” असं आहे. पण घरात आपण समाधान कधी काढतो? मुलीला हवी ती शाखा मिळाली नाही, भावाने वाटणीत कमी दिलं, की म्हणतो, “जाऊ दे, समाधान मानून घे.” ही दोन्ही पत्रं लिहिणारा पौल हेच सांगतोय का? मला मनापासून तसं वाटत नाही, पण भाषेतून ते कसं दाखवायचं? जाणकारांनी लिहावं.

पंचवटीतून

ताई, मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. ख्रिस्ती नाही, पण प्रश्न आवडला म्हणून लिहितो.

‘समाधान’ म्हणजे सम् + आ + धा. ‘धा’ म्हणजे ठेवणे. विखुरलेलं एके ठिकाणी नीट ठेवणं, ते समाधान. ‘समाधी’ही याच धातूची. शंकेचं समाधान होतं म्हणजे इकडेतिकडे धावणारं मन जागेवर येतं. ‘हर्ष’ निराळा. त्याच्या मुळाशी अंगावर काटा येणं आहे, म्हणून तो क्षणाचा.

आता तुकोबांची ओळ पाहा: “ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान”. पहिल्या चरणात ‘ठेविले’ आहे आणि दुसऱ्या चरणातल्या ‘समाधान’मध्येही ‘ठेवणे’च दडलेलं आहे. ठेवणारा अनंत आहे, परिस्थिती नव्हे. आणि तुकोबा ‘मानावे’ म्हणत नाहीत, ‘असो द्यावे’ म्हणतात. तुमच्या भाषांतरातलं ‘चित्तसमाधान’ वाचताना मला हीच ओळ आठवली. ना. वा. टिळक लहानपणी आमच्या नाशकातच संस्कृत शिकले, १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. तो पूल असल्याच शब्दांचा बांधलेला असणार.

नाशिकरोडहून

मी युवक मंडळातला. आम्ही पोरं सरळ ‘प्रभूमध्ये एन्जॉय करा’, ‘मजा करा’ म्हणतो. मोठी माणसं रागावतात. चुकतं का?

निफाड तालुक्यातून

जय ख्रिस्त, ताई. मी द्राक्षवाला. व्याकरणातलं मला कळत नाही, जे झालं ते सांगतो.

फेब्रुवारीची गोष्ट. काढणीला आठ दिवस राहिले होते, सौदा ठरलेला. दुपारी चारला आभाळ भरलं आणि वीस मिनिटं गारा पडल्या. बागेत गेलो तर मणी तडकलेले, घड खाली, पायाखाली नुसता चिखल आणि रस. दोन दिवसांत आंबूस वास सुटला. बेदाण्यालासुद्धा माल उरला नाही. व्यापाऱ्याने फोन उचलला नाही. सोसायटीचं कर्ज तसंच.

त्या रविवारी आईने घरच्या प्रार्थनेला बायबलातलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. अंजिराचं झाड फुललं नाही, द्राक्षीच्या वेलीला फळ आलं नाही, गोठ्यात गुरं राहिली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असा तो उतारा. मला राग आला. म्हटलं, आई, आज हे वाचू नको. तिने वाचलंच. मग भाकरी वाढताना म्हणाली, “बाग गेली रे. पण उणं काही नाही.”

मला त्या दिवशी आनंद झाला नाही. खोटं कशाला सांगू? पण ‘उणं नाही’ हे डोक्यातून जाईना. एप्रिलमध्ये खरड छाटणीला कात्री हातात घेतली तेव्हा ते शब्द मी स्वतःशीच म्हणत होतो. याला आनंद म्हणायचं की समाधान, तुम्हीच सांगा.

प्रश्न विचारणारीचं उत्तर

दादा, तुमचा मजकूर मी तीनदा वाचला. तुमच्या आईचा शब्द आधी घेते.

तेविसाव्या स्तोत्रात “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही” असं आहे. तिथे ‘मला काही कमी पडणार नाही’ असंही लिहिता आलं असतं. पण ‘कमी’ मोजता येतं: दहा क्विंटल कमी, दोन लाख कमी. ‘उणं’ मोजण्याच्या पलीकडे जातं. माणूसच अपुरा राहिला, त्याच्यात खोट राहिली, तर तो उणा. तुमचं कमी खूप पडलं, आणि त्या माउलीने ते नाकारलं नाही, “बाग गेली” हे आधी म्हटलं. उणं मात्र पडलं नाही, कारण मेंढपाळ गेला नव्हता. ‘समाधान मानून घेणं’ आणि हे, यांत मोठं अंतर आहे. मानून घेताना हवं ते हातचं गेलेलं असतं आणि आपण उरलेल्यावर भागवतो. तुमच्या आईजवळ जे मुख्य होतं ते गेलंच नव्हतं.

फिलिप्पैकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायात पौल आपण समाधानी आहोत म्हणतो, तिथला मूळ ग्रीक शब्दही असाच वाकवलेला आहे. ‘औतार्केस’ म्हणजे स्वयंपूर्ण, कोणावाचून न अडणारा. स्तोइक या प्राचीन ग्रीक पंथाच्या तत्त्वज्ञांचा तो लाडका शब्द. पौलाने तो उचलला, पण दोनच ओळींनी म्हटलं की मला सामर्थ्य देणारा दुसराच आहे. म्हणजे स्वयंपूर्ण नव्हे, ख्रिस्तामुळे पूर्ण. आणि हे आपण ‘शिकलो’ असं तो म्हणतो, तेही बेड्यांत असताना. शिकायला वेळ लागतो, दादा. फेब्रुवारीत आनंद झाला नाही म्हणून तुम्ही नापास झाला नाहीत. छाटणीच्या वेळचं ते पुटपुटणं, त्याला मी तरी ‘शिकणं’च म्हणेन.

सर, ‘ठेवणे’बद्दल तुमचे आभार कसे मानू? त्यावरून ‘प्रभूमध्ये’ हा शब्द नव्याने दिसला. ग्रीकमधला हा प्रयोग शब्दाला शब्द ठेवून आल्यामुळे तो आपल्याला थोडा टोचतो, ‘डब्यामध्ये’सारखा. मराठीचा खरा शब्द ‘ठायी’. ठाय म्हणजे जागा. आनंद परमेश्वराच्या ठायी असेल तर तो माझ्या मनःस्थितीत शोधायचा नाही, जिथे ठेवलाय तिथे जाऊन बसायचं. आम्हा शरणपूरवाल्यांना हे कळायला हवं. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथेच आणून ठेवली होती. गावाच्या नावातच शरण आहे. पोरकं लेकरू आधी सुरक्षित जागी पोचतं, हसू त्याला नंतर येतं.

आणि युवक मंडळातल्या भावा, ‘एन्जॉय’ मला आवडत नाही, कारण तो शब्द सहलीहून परतला की संपतो. ‘मजा’ मात्र टाकू नकोस. तो फारसी शब्द, मूळ अर्थ चव. चौतिसाव्या स्तोत्रात “परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा” असं आहे ना, तिथे मूळ हिब्रूत ‘अनुभव’ नाही, ‘चाखा’ आहे. सोळाव्या स्तोत्रातला ‘पूर्णानंद’ही तसाच. शब्द भारदस्त आहे, पण हिब्रूत तिथे ‘सोवा’ आहे, पोट भरल्याची तृप्ती. जेवून उठल्यावर ‘आता काही नको’ म्हणतो, ती. इतकी साधी गोष्ट आपल्या भाषांतरात तत्त्वज्ञान होऊन बसली, याची मला हळहळ वाटते.

आता मावशींचा प्रश्न. उत्तर मला नहेम्याच्या आठव्या अध्यायात सापडलं. लोक नियमशास्त्र ऐकून रडत असतात. त्यांना सांगतात, रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाटे पाठवा. परमेश्वराचा आनंद हाच तुमचा दुर्ग. इथे आनंद ‘वाटण्याची’ वाट कोणी पाहत नाही. चूल पेटते, ताटं झाकली जातात, कोणीतरी ती घेऊन गल्लीतून निघतं. मराठीत आपण सण करतो, दिवाळी करतो, नाताळ करतो. ‘आनंद करा’ त्या रांगेत बसवा, वाक्य लगेच मराठी होतं.

हे मी पुढच्या बुधवारी सांगितलं. मावशी काहीच बोलल्या नाहीत. काल संध्याकाळी दार वाजलं. त्या जिना चढून धापा टाकत उभ्या, हातात स्टीलचा डबा, वर क्रोशाचा रुमाल. आत रव्याचे लाडू, अजून कोमट. नाताळ लांब, वाढदिवस कोणाचा नाही. मी विचारलं, “मावशी, हे काय केलंत?”

“आनंद केलाय,” म्हणाल्या. “खालच्या वॉचमनकडेही एक वाटा द्यायचाय. रुमाल परत दे.”