मदत हवी आहे: रांगेतलं अंतर टिकतच नाही

कोरोनाच्या साथीचे दिवस: दुकानात एका वेळी ३ जण, बाकीचे बाहेर. ६-६ फुटांवर खडूने गोल आखले, ते दोन दिवसांत पायाखाली पुसले गेले. मग ऑइलपेंट लावला. खुणा टिकल्या, माणसं टिकली नाहीत: एक जण आत गेला की अख्खी रांग सरकते आणि पुढच्याच्या पाठीला जाऊन चिकटते. गोल मोकळा दिसला की मध्ये घुसणारेही आहेतच.

प्लास्टिकची नंबर टोकनं देऊन पाहिली. नंबर ऐकू येणार नाही या धास्तीने सगळे दाराशीच गोळा! शिवाय प्रत्येक टोकन परत आलं की पुसावं लागतं.

दर्शनी भाग ४० फूट, म्हणजे ७ च गोल बसतात. पुढे शेजाऱ्याचं दार आहे. बाहेर उभं करायला माणूस एकच. बऱ्याच ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नाही, त्यामुळे ॲप सुचवू नका.

आता वेळ लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या द्यायचा विचार आहे. माणशी साधारण ५ मिनिटं धरली तर १५ मिनिटांत ९ जण होतात. उशिरा येणाऱ्यांसाठी त्यातल्या किती जागा मोकळ्या ठेवाव्यात, आणि वेळ चुकलेल्याला पुन्हा कुठे घ्यावं की भांडण होणार नाही?