मदत हवी आहे: लेकरांचे श्वास मोजायला घड्याळ कोणतं घ्यावं, आणि घालावं कसं?

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. प्रश्न मनगटी घड्याळाचा आहे, पण रोजचं काम त्यावर अडतंय म्हणून सविस्तर लिहिते.

लेकराला खोकला झाला की न्यूमोनियाची शंका आहे का, हे आम्ही आधी श्वास मोजून बघतो. पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले की श्वास जलद धरायचा. अगदी तान्ह्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर परत एकदा मोजायचे. लेकरू शांत हवं, रडताना किंवा अंगावर पिताना मोजून उपयोग नाही. आईला झबलं वर करायला सांगायचं आणि पोट वर-खाली होतंय ते बघत मोजायचं. नजर पोटावर, आणि त्याच नजरेत सेकंद काटाही आला पाहिजे. मान वळवून घड्याळ बघितलं की एखादा श्वास सुटतोच. आठ महिन्यांच्या लेकराचे ४८ भरले की ५२, यावर पुढचा उपचार ठरतो, त्यामुळे इथे अंदाजपंचे चालत नाही.

म्हणून मी घड्याळ डाव्या हातात, पण डायल आतल्या बाजूला, नाडीवर येईल असं घालते. तळहात उताणा करून मनगट पोटाशेजारी धरलं की दोन्ही एकदम दिसतं. ही सवय मला सोडायची नाही.

अडचण उन्हाळ्याची. होळी झाली की मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुरू होते आणि लाल चट्टा उठतो, बरोबर घड्याळाच्या मागच्या झाकणाएवढा गोल. बकलाखालीही तसाच लहान चट्टा. पावसाळा लागला की आपोआप कमी होतो. खोटे कानातले घातले तरी माझे कान चिघळतात. आमचे डॉक्टर म्हणाले, धातूतल्या निकेलची ॲलर्जी असेल. मलम दिलं, त्याने बरं वाटतं, पण घड्याळ घातलं की पुन्हा तेच.

पट्ट्यांचं म्हणाल तर चामड्याचा घामाने भिजून वास मारतो. चेनचा पट्टा पटकन निघतो पण तोही धातूच. रबरासारखा सिलिकॉनचा धुवायला छान, पण त्याखाली घाम साठून कातडी पांढरी पडते. शिवाय बाळाला हात लावण्याआधी घड्याळ काढून मनगटापर्यंत हात धुवावे लागतात, त्यामुळे पट्टा झटकन निघणारा हवा.

भावाने भाऊबीजेला स्मार्टवॉच दिलंय. किती चालले ते कळतं, भाऊही हौसेने विचारतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी घालते. पण मोजता मोजता त्याचा पडदा काळा होतो. मोबाईलवर मिनिटाचा टायमर लावून पाहिला. उजेड दिसला की लेकरू त्याच्याकडे झेपावतं, आणि हललं की मोजणी गेली. वस्तीवर मोबाईल काढला की सिस्टर फोन बघत बसल्या असंही आज्यांना वाटतं, आणि त्यांचा विश्वास मला मोलाचा आहे.

तर विचारायचं हे: अंगाला धातू अजिबात लागणार नाही, सेकंद काटा ठळक असेल आणि घाम सोसेल असं साधं काट्याचं घड्याळ कोणतं बघावं? आणि नर्सेस छातीला पिनने लावतात ते उलट्या डायलचं घड्याळ कोणी रोज वापरतं का?

प्रतिसाद (नांदेड, घड्याळदुरुस्ती): सिस्टर, प्लास्टिक बॉडीचं घ्या, पण हातात घेऊन उलटं करून बघा. बॉडी प्लास्टिकची असली तरी मागचं झाकण पुष्कळदा स्टीलचंच असतं. आहे तेच घड्याळ ठेवायचं असेल तर नायलॉनचा एकसलग पट्टा टाका. तो घड्याळाच्या खालून जातो, म्हणजे झाकण कातडीला लागत नाही. त्याच्या बकलाचं टोकही धातूचं असतं, ते कापडावर बसतंय ना ते बघा. घेताना पट्ट्याची रुंदी विचारा, १८ मिमीच्या जागी २० मिमीचा बसत नाही. डायलवर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते शिंतोड्यांपुरतंच, नळाखाली धरू नका. आणखी एक. बऱ्याच घड्याळांत सेल संपत आला की सेकंद काटा दोन-दोन किंवा चार-चार सेकंदांची उडी मारतो. वेळ बरोबरच दाखवतो, बिघडलं समजू नका, पण सेल लगेच बदलून घ्या.

प्रतिसाद (लातूर, निवृत्त परिचारिका): बाई, छातीवरचं घड्याळ मी वॉर्डात वापरलं आहे. मान खाली घातली की सरळ दिसतं, मनगट मोकळं राहतं, हात धुताना काढायची कटकट नाही. नाडी मोजायला त्यासारखं सोयीचं दुसरं नाही. पण तुमच्या कामाला ते पुरणार नाही. लेकरू आईच्या मांडीवर असतं आणि तुम्ही वाकलेल्या, तेव्हा घड्याळ लोंबकळतं आणि लेकरं ते ओढतात. साडी असेल तर पदराखाली जातं. तुमची मनगट पोटाशी धरायची रीत चांगली आहे, तीच ठेवा. नायलॉनचा पट्टा घ्याल तर दोन घ्या, रोज एक साबणाने धुऊन वाळत घाला. ओला पट्टा बांधलात तर निकेल नसतानाही कातडी खराब होईल. आणि चट्टा पूर्ण बरा होईपर्यंत त्या मनगटावर काहीच बांधू नका.

धागाकर्ती: दादा, मॅडम, मनापासून आभार. पिनच्या घड्याळाचा विचार सोडला. दोन पट्टे मागवते, आणि चट्टा बरा होईपर्यंत घड्याळ हातात धरूनच मोजेन. दादा, माझ्या घड्याळात पट्टा बसतो ती जागा पट्टीने मोजली तर १८ मिमी भरते. पण पट्टा अडकवायची दांडी पक्की चिकटवलेली दिसते, निघत नाही. तिच्यातून हा एकसलग पट्टा ओवता येतो का, की दांडी बदलून घ्यावी लागेल? आणि अंधारात चमकणारे काटे प्लास्टिक बॉडीच्या घड्याळात मिळतात का, तेही सांगा. तांड्यावर जायला संध्याकाळ होते आणि लाईट असेलच असं नाही.