‘आकार’ म्हणजे शेप की साइज?

प्रश्न : विद्यार्थ्यांसाठी सिरॅमिक नॅनोकणांवर टिपण लिहिते आहे. ‘सर्फॅक्टंटमुळे कणांचा आकार नियंत्रित करता येतो’ असं लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, ‘म्हणजे कण लहान-मोठे करता येतात का?’ मला म्हणायचं होतं की कण घनासारखा व्हावा, काडीसारखा की अष्टफलक, हे ठरवता येतं. कोणता शब्द घ्यावा? आणि सर्फॅक्टंटला, म्हणजे कणाच्या पृष्ठाला चिकटणाऱ्या रसायनाला, मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद : पुस्तकात साइजसाठी ‘आकारमान’ लिहितात, पण ‘मोठ्या आकाराचं भांडं’ आपण सर्रास म्हणतो, म्हणून वाचक घसरतो. मी ‘घाट’ सुचवेन. लहान आणि मोठ्या तांब्याचा घाट एकच असू शकतो. या शब्दात मापाचा संबंधच येत नाही. शिवाय तो भांड्यांच्या जगातलाच आहे, सिरॅमिकला शोभतो.

क्रियापदही जपून निवडा. ‘सर्फॅक्टंट कणाला पैलू पाडतो’ असं एके ठिकाणी वाचलं आणि मन खट्टू झालं. पैलू पाडताना हिरा घासला जातो. इथे काहीच घासलं जात नाही. सिरियम ऑक्साइडचं उदाहरण घ्या. डेकॅनॉइक आम्ल (इथला सर्फॅक्टंट) पुरेसं असेल तर त्याचे रेणू स्फटिकाच्या ‘१००’ या खुणेने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे घनाच्या बाजू होणाऱ्या, पृष्ठांना चिकटतात आणि तिथली वाढ मंदावते. बाकीची पृष्ठं भराभर वाढतात आणि वाढता वाढता आक्रसून नाहीशी होतात. मागे राहतात ती सावकाश वाढलेली, आणि घन तयार होतो. जे पृष्ठ अडवलं तेच टिकलं! म्हणून ‘वाढ रोखून घाट ठरवतो’ असं लिहा.

प्रतिसाद : सर्फॅक्टंट हा इंग्रजी शब्दच ‘सरफेस-ॲक्टिव्ह एजंट’ आवळून केलेला आहे. ‘पृष्ठक्रियाकारक’ हे त्याचं सरळ मराठी रूप, त्यामुळे चालेल. ‘पृष्ठताणनाशक’ मात्र नको. ताण कमी होतो, नाहीसा होत नाही, आणि इथे मुख्य काम कणाच्या पृष्ठाला चिकटून राहण्याचं आहे. त्या भूमिकेसाठी ‘लेप’ म्हणा. ‘साचा’ हा शब्द वेगळ्या कामासाठी राखून ठेवा. १९९२ मध्ये जाहीर झालेल्या एमसीएम-४१ या सच्छिद्र सिलिकात सीटॅब या सर्फॅक्टंटच्या जातीचे रेणू, १६ कार्बनांची शेपटी आत आणि धनभारित डोकं बाहेर असे, काडीसारखे गोळा होतात. त्यांच्याभोवती सिलिका बसते, मग भट्टीत ते जाळून टाकले की पोकळ नळ्या उरतात. तिथे साचा हाच शब्द खरा, पण घाट मिळतो तो पोकळीला.

प्रतिसाद : ‘घाट’ पहिल्यांदा येईल तिथे ‘घन, काडी इत्यादी’ असं जोडा, नाहीतर कुणाला डोंगरातला रस्ता आठवेल. ‘नॅनोकण’ राहू द्या. ‘अब्जांश कण’ अर्थाने बरोबर आहे, पण वाक्यात तीनदा आला की जड होतो.

मूळ प्रश्नकर्ती : वाक्य बदललं : ‘पृष्ठक्रियाकारक काही ठरावीक पृष्ठांवर लेपासारखे बसून तिथली वाढ रोखतात, त्यावरून कणाचा घाट, म्हणजे घन, काडी की अष्टफलक, हे ठरतं. कणाचं आकारमान हा निराळा मुद्दा.’